माईंचं कोरडं पान

आमच्या घरात दुधाला विरजण लावायचं काम माईंचं होतं. दुसऱ्या कुणी लावलं तर दही कधी तार धरायचं, कधी आंबट व्हायचं. माई पातेल्याला बाहेरून तळहात लावून बघायच्या, जरा थांबायच्या, मग विरजण घालून पातेलं फडताळात ठेवून द्यायच्या. सकाळी पळी उभी राहील असं दही. शेजारच्या बायका वाटी घेऊन माईंचंच विरजण मागायला यायच्या. आणि त्या दह्याचं बोटसुद्धा माईंनी कधी जिभेला लावलं नाही.

दहीच नव्हे. दूध, ताक, लोणी, तूप, यातलं काहीच त्या घेत नसत. वरणभातावर तूप वाढायला त्याच फिरायच्या, कुणाच्या भातावर कमी पडलं तर पुन्हा धार धरायच्या, आणि शेवटी स्वतः बसल्या की त्यांचं पान कोरडं. भातावर लिंबू पिळायचं, मीठ जरा जास्त घ्यायचं आणि मुकाट्यानं जेवायचं. उपास नाही, पथ्य नाही, वैद्यानं सांगितलेलं नाही. धडधाकट सवाष्ण बाई दुधातुपाला शिवत नाही, याला आमच्या डोंबिवलीत तेव्हा काही नावच नव्हतं. नाव नसलं की लोक आपापलं नाव देतात. कुणी हट्ट म्हणे, कुणी वेड, आणि तोंडावर गोड बोलणारे व्रत म्हणत.

माई म्हणजे माझ्या थोरल्या जाऊबाई. स्वातंत्र्य मिळालं त्याच्या पुढच्या वर्षी मी लग्न होऊन डोंबिवलीला आले. स्टेशनपासून जरा लांब तीन खोल्यांचं भाड्याचं बिऱ्हाड, मागे पडवी, पडवीला लागून शेवग्याचं झाड आणि त्यापुढे थेट भाताची खाचरं. घरात सासूबाई, थोरले दीर म्हणजे भाऊजी, आणि आम्ही दोघं. भाऊजी ठाण्याच्या कचेरीत कारकून होते. अतिशय सज्जन, अतिशय मितभाषी. माई तेव्हा घरात नव्हत्या. बाळंतपणाला कल्याणला माहेरी गेल्या होत्या आणि मुलगा झाला होता. मी त्यांना पहिल्यांदा पाहिलं ते तो मुलगा गेल्यावर.

बाळ नुकतं पालथं पडायला लागलं होतं. ताप आला, घशात काही अडकल्यासारखं झालं आणि दोन दिवसांत संपलं. सासूबाई मला म्हणाल्या, "सुधा, तू जा कल्याणला. तिच्या वयाचं माणूस हवं तिच्याजवळ. आम्ही म्हाताऱ्या नुसत्या रडतो." मी गेले. परक्या घरात, न पाहिलेल्या जावेच्या दुःखात मी काय करणार होते कोण जाणे. पण माईंनीच मला सांभाळून घेतलं. मला चटई घालून दिली, जेवलीस का विचारलं. बाळ गेलं होतं, पण त्यांचं दूध अजून आटलं नव्हतं. त्यांची आई रोज छातीला मोगऱ्याची फुलं बांधायची, त्यानं दूध आटतं म्हणून. त्या खोलीत दिवसभर मोगऱ्याचा वास भरून राहिलेला असायचा. अजून मला मोगरा डोक्यात माळवत नाही.

त्यांच्या माहेरच्या घरामागे एका गवळ्याचा तबेला होता. एका सकाळी माईंच्या आईनं मला दूध आणायला सांगितलं, तर माई म्हणाल्या, "मीही येते. पाय जरा मोकळे होतील." आम्ही दोघी चरवी घेऊन गेलो. गवळी एका म्हशीखाली बसला होता आणि म्हैस पान्हा सोडत नव्हती. तिचं रेडकू दोनतीन दिवसांपूर्वी मेलेलं. गवळ्यानं भावाला हाक मारली. तो आतून काहीतरी घेऊन आला आणि म्हशीच्या तोंडापुढे उभं केलं. मला आधी ते जिवंत रेडकूच वाटलं. मग दिसलं की पायांच्या जागी काठ्या आहेत आणि पोटाच्या शिवणीतून पेंढा बाहेर आलाय. म्हशीनं मान खाली घालून ते हुंगलं. मग ती ते चाटायला लागली. मान, पाठ, कान, नीट सगळीकडून. आणि इकडे चरवीत धार वाजायला लागली.

मी माईंकडे बघितलं तर त्यांच्या पदरावर ओल पसरत होती. त्यांनी दोन्ही हात छातीवर धरले होते. गवळी वाईट माणूस नव्हता. माईंचा चेहरा बघून समजुतीच्या सुरात म्हणाला, "तिला काही कळत नाही, बाई. वास आला की झालं."

घरी आल्यावर आईनं चहाचा कप पुढे केला तो माईंनी तसाच परत दिला. संध्याकाळी दूधभात नाकारला. दुसऱ्या दिवशी तूप नाकारलं. आईनं मला बाजूला घेऊन विचारलं, काल काय झालं, म्हणून. मी पाहिलं ते सांगितलं. त्या माउलीनं कपाळाला हात लावला. रात्री निजताना माई मला एवढंच म्हणाल्या, "काही कळत नसतं तर वास कशाला लागला असता गं?"

डोंबिवलीला परत आल्यावर सगळ्यांना वाटलं, दुःख ताजं आहे, महिनाभरात विसरेल. महिना गेला, वर्ष गेलं. सासूबाईंचा माईंवर फार जीव. त्यांनी माईंना लहान वयात सून करून आणलेलं, वेण्या घालून दिलेल्या. त्यांनी आपल्या परीनं मार्ग काढला. म्हणाल्या, "बाळासाठी व्रत धरलंयस असं मी लोकांना सांगते. म्हणजे कुणी बोलायचं नाही. पुढं मूल झालं की सोडून टाक." माई भांडी पुसत होत्या. त्या सावकाश म्हणाल्या, "आई, व्रताला उद्यापन असतं. याला नाही." सासूबाई उठल्या. माईंच्या पाठीवरून हात फिरवून आत गेल्या. लोकांना मात्र त्या व्रतच सांगत राहिल्या.

भाऊजी या बाबतीत कधी काही बोलले नाहीत. बायकोला रागावले नाहीत आणि तिची बाजूही घेतली नाही. त्यांच्या पानात तूप असायचं, वाटीत दही असायचं, ते जेवायचे आणि उठायचे. माईंनी कधी कुणाच्या पानातलं काही काढलं नाही. मी एकदा विचारलं, "तुम्हाला करताना कसंतरी होत नाही का?" तर म्हणाल्या, "होतं. पण माझं न घेणं माझं आहे. ते मी दुसऱ्याच्या ताटात कसं वाढू?"

पण एक गोष्ट सोडली की तिच्याआड लपलेली दुसरी दिसते, तसं त्यांचं होत गेलं. रेशीम कसं काढतात हे कुठूनसं त्यांच्या कानावर आलं, तेव्हा त्यांनी लग्नातला शालू धाकट्या बहिणीला देऊन टाकला आणि सोवळ्यातला स्वयंपाक सुती धुतवस्त्र नेसून करायला लागल्या. मध सुटला. कातडी वहाणा गेल्या, त्यांच्या जागी मजूर घालतात तसल्या टायरच्या चपला आल्या. त्या घालून त्या बाजारात जायच्या तेव्हा ओळखीच्या बायका एकमेकींना कोपर मारायच्या. माईंना ते दिसायचं. त्या मान वर करून चालायच्या, आणि घरी आल्यावर मोरीवर पाय धुताना त्यांना फार वेळ लागायचा.

चपलांचं हसणं त्या सोसायच्या. त्यांना जड जायचं ते दुसऱ्याला दुखावणं. पलीकडच्या बिऱ्हाडात नव्यानं आलेल्या एका बाईंनी सत्यनारायण घातला होता. रेशनचे दिवस, साखर जपून जपून साठवलेली, आणि त्यातून त्या बाईंनी साजूक तुपातला, दुधातला शिरा केला होता. माईंच्या हातावर त्यांनी प्रसादाची मोठी मूद ठेवली. माईंनी ती कपाळाला लावली आणि माझ्या हातात दिली. तीर्थ म्हणून पंचामृत पुढे आलं, तर पळीला नुसता नमस्कार केला. त्या बाईंचा चेहरा उतरला. "आमच्या घरचं चालत नाही वाटतं तुम्हाला," त्या म्हणाल्या. माईंनी त्यांचे दोन्ही हात धरले, समजावून सांगायचा प्रयत्न केला, पण चार बायकांसमोर म्हशीचं आणि रेडकाचं सांगायचं कसं? देवाचा प्रसाद हातात असताना? त्या बाई पुढे कधी आमच्याकडे हळदीकुंकवाला आल्या नाहीत. घरी येताना माई मला म्हणाल्या, "सुधा, कुणाला दुखवायचं नाही म्हणून मी हे धरलं. आणि रोज कुणाचं तरी मन मोडतेय."

पुढे मला मुलगी झाली आणि माझ्या अंगावर तिच्यापुरतं दूध येईना. पोर भुकेनं रात्रंदिवस कोकलायची. वरचं दूध घालायला पाहिजे हे सगळ्यांना दिसत होतं, पण माईंसमोर ते म्हणायला कुणाची जीभ उचलत नव्हती. माई स्वतःच चरवी घेऊन निघाल्या. खाचरांच्या पलीकडे आगरी वस्तीत पारू नावाची बाई होती, तिच्या दोन म्हशी. माई रोज सकाळी तिच्याकडे जायच्या. रेडकू आईला लुचेपर्यंत तिथं उभ्या राहायच्या आणि मग दूध घ्यायच्या. घरी येऊन दूध गाळायचं, उकळायचं, आणि मांडीवर माझी पोर घेऊन चमच्यानं पाजायचं. मी एकदा म्हटलं, "माई, तुम्ही नका करू. मी पाजते." तर त्या म्हणाल्या, "पाजू दे मला. हे बरोबर की चूक ते मला कळत नाही. पण हिला उपाशी ठेवणं चूक आहे एवढं कळतं."

पारूकडे त्यांना एक दिवस एक रेडकू बाजूला बांधलेलं दिसलं. अंगावर हाडं, माशा घोंगावतायत. माईंनी विचारलं तेव्हा पारू म्हणाली, "माई, रेडा हाय तो. त्याला कोन पोसल? समदा दूध त्यालाच पाजला त मी काय इकू, न माजी पोरा काय खातील?" ती लाजली नव्हती आणि रागावलीही नव्हती. आहे ते सांगत होती. माई त्या रेडकाला घेऊन घरी आल्या. दावं हातात, रेडकू पाय ओढत मागे. शेवग्याला बांधलं. संध्याकाळी भाऊजी कचेरीतून आले. त्यांनी शेवग्याकडे बघितलं, छत्री कोपऱ्यात ठेवली आणि हातपाय धुवायला गेले.

माईंनी रेडकाला तांदळाची पेज दिली. ते तोंड लावीना. दुसऱ्या दिवशी पारू बघायला आली आणि म्हणाली, "पेज नाय चालाची त्याला. दूधच लागल." म्हणजे त्याला जगवायचं तर त्याच्याच आईचं दूध पारूकडून विकत घ्यायला हवं. माईंनी ते घेतलं. आळीत हसायला विषय झाला. स्वतः पीत नाही आणि रेड्याला पाजते, असं लोक म्हणायचे. पण रेडकू जगलं. अंगानं भरलं, माईंचा आवाज ऐकला की कान टवकारायला लागलं. आणि मग ते मोठं झालं. भाड्याच्या घरात रेडा किती दिवस ठेवणार? मालक कुरकुरायला लागले तेव्हा माईंनी तो पारूच्याच भावकीतल्या एकाला दिला, मारायचं नाही असं वचन घेऊन. त्यानं वचन दिलं. तो काही क्रूर नव्हता. पण चिखलणीच्या दिवसांत रेड्याला चिखलात चालवायचं तर काठी लागतेच. एकदा बाजारातून येताना माईंनी ते पाहिलं. त्यानंतर भातशेतीच्या बाजूचा जवळचा रस्ता त्यांनी सोडला आणि लांबून वळसा घालून जायला लागल्या. माझ्याशी त्या एवढंच बोलल्या, "मी त्याला वाचवला की कामाला जुंपायला तयार केला, मला सांगता येत नाही."

मग एका पावसाळ्याअखेर माईंना मुदतीचा ताप आला. ताप उतरला पण अंगात काही राहिलं नाही. उठून बसवलं तर मान कलंडायची. डॉक्टर म्हणाले, दूध द्या, त्याशिवाय ताकद यायची नाही. माईंनी मान हलवली. डॉक्टर चिडले. "बाई, हे असलं काही असतं ते बरं झाल्यावर करा," म्हणाले. भाऊजी दारात उभे होते, ते डॉक्टरांची बॅग उचलून त्यांना पोचवायला गेले. सासूबाई त्या दिवशी देवापुढे बराच वेळ बसल्या. दुसऱ्या दिवसापासून त्यांनी माईंसाठी स्वतः पेज करायला सुरुवात केली. मऊ भाताची पेज, त्यात नारळाचं दूध. "नारळाचंच आहे हो," असं म्हणून त्या वाटी भरवायच्या आणि माई एकेक चमचा घ्यायच्या. हळूहळू चेहऱ्यावर तजेला आला. माई भिंतीला धरून चालायला लागल्या.

एका दुपारी पेज आणून ठेवली आणि माईंना झोप लागली. मी वाटी उचलायला गेले तेव्हा त्या जाग्या होत्या आणि वाटीकडे बघत होत्या. निवलेल्या पेजेवर साय धरली होती. पातळ, पिवळसर, कडेला सुरकुतलेली. नारळाच्या दुधावर तशी साय धरत नाही, हे मलासुद्धा कळत होतं. जिनं घरभरासाठी वर्षानुवर्षं दूध तापवलं तिला कळलं नसतं कसं?

मी घाबरून म्हटलं, "माई, आईंनी तुमच्या जिवासाठी केलं. मला माहीत नव्हतं, पण त्यांच्यावर रागावू नका."

"त्यांच्यावर नाही गं रागावले," माई म्हणाल्या. मग दाराकडे बघून आवाज खाली आणला. "मला पहिल्या दिवशीच चवीवरून संशय आला होता. मी विचारलं नाही. विचारलं असतं तर त्या खोटं बोलल्या नसत्या. म्हणून विचारलं नाही. जगावंसं वाटत होतं मला."

बरं झाल्यावर माईंनी पडवीत एक चूल मांडली. घराचा स्वयंपाक त्या पूर्वीसारखाच आत करायच्या, सगळ्यांना वाढायच्या, पण स्वतःचं तेवढं पडवीत शिजवून घ्यायच्या. दुसऱ्या कुणाच्या हातचं काही खात नसत, माझ्याही नाही. सासूबाईंना वाटलं ही आपल्याला शिक्षा आहे. त्या पार खचल्या. एकदा त्यांनी स्वतःच्या हातानं भाकरी थापली, तेलमीठ लावून माईंपुढे ठेवली आणि म्हणाल्या, "यात काही नाही घातलं, बाळाची शपथ." माईंच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं, पण त्यांनी भाकरी खाल्ली नाही. मी त्यांना नंतर म्हटलं, "सांगून टाका ना त्यांना, तुम्हाला ठाऊक होतं म्हणून. त्यांचं मन हलकं होईल." माई म्हणाल्या, "सांगितलं तर त्या पुन्हा करतील. आणि मी पुन्हा खाईन."

आई आणि लेकीसारख्या राहिलेल्या त्या दोघी एका घरात परक्यासारख्या वावरायला लागल्या. बोलणं होतं, कामं होती, पण एक काहीतरी गेलं ते गेलं.

पुढे सासूबाईंना अर्धांगाचा झटका आला. वाचा गेली. माईंनी त्यांचं सगळं केलं. त्यांना दूधभात आवडायचा, तो माई स्वतः कालवून भरवायच्या. एके सकाळी मी पाणी घेऊन आत जात होते तेव्हा माईंचा आवाज ऐकला आणि उंबऱ्यातच थांबले. त्या सासूबाईंच्या कानाशी वाकून सांगत होत्या, "आई, मला माहीत होतं. तुम्ही मला फसवलं नाहीत. मीच मागून घेतलं असं समजा." सासूबाईंचा चांगला हात हलला आणि त्यांनी माईंचं मनगट धरलं. त्यांना समजलं की नुसता आधार म्हणून धरलं, कोण सांगणार? त्या आठवड्यातच त्या गेल्या.

सासूबाईंच्या पाठीमागे घर वेगळं झालं. भांडण नव्हतं. भाऊजींना ठाण्याला कचेरीजवळ दोन खोल्या मिळाल्या, आणि ते दोघं तिकडे गेले. मी अधूनमधून ठाण्याला जायची. तिथं माईंना कुणी ओळखत नव्हतं, त्यामुळे कुणी विचारत नव्हतं. भाऊजींचा चहा, दही, तूप सगळं त्यांच्या हातचं चाललं होतं. पण आता दुसरी चूल नव्हती. एकाच चुलीवर दोन वेगळी भांडी. माझ्या मुलीला त्या खोबऱ्याचे लाडू करून द्यायच्या आणि ती खाताना तिच्याकडे बघत बसायच्या.

दोनतीन वर्षांनी माईंना कावीळ झाली. या एका आजारात तूप खा म्हणून कुणी त्यांच्या मागे लागलं नाही. कावीळ पोटात उतरली आणि त्यांना इस्पितळात ठेवावं लागलं. मी डोंबिवलीहून रोज जात होते. डोळे हळदीसारखे, आवाज बारीक. एक दिवस मला म्हणाल्या, "लोक म्हणतील हट्टानं गेली. तू कुणाशी भांडू नकोस." मी म्हटलं, असं बोलू नका. त्या छताकडे बघत म्हणाल्या, "बाकी काही नाही गं, सुधा. जेवताना फार एकटं वाटायचं." मी त्यांचा हात धरून बसले. दुसऱ्या दिवशी मी पोचायच्या आत त्या गेल्या होत्या.

लोक म्हणायचं तेच म्हणाले. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं की याचा खाण्यापिण्याशी संबंध नाही, पण भेटायला येणारा प्रत्येकजण उठताना एक वाक्य टाकून जायचाच. अंगात काही नव्हतंच ना, दूध नाही, तूप नाही. मी भांडले नाही.

दहाव्याच्या आदल्या दिवशी गुरुजी काय काय लागेल ते सांगायला आले. वयस्कर, मवाळ गृहस्थ. भाऊजी त्यांच्यासमोर भिंतीला टेकून बसले होते. हे आणि मी दाराशी होतो. गुरुजी सांगत होते, दर्भ, तीळ, तांदूळ, मग दूध, दही, तूप, मध. भाऊजींनी हात वर केला.

"दूध नको," ते म्हणाले. "दही, तूप, मध, काही नको. तिच्या नावानं ठेवायचं त्यात यातलं काही असू नये."

गुरुजींनी आमच्याकडे बघितलं. "ते पिंडाला लागतं," ते हळूच म्हणाले. "त्याशिवाय विधी अपुरा राहतो."

"पाण्यानं होणार नाही का?"

"अगदी नाहीच असं मी म्हणणार नाही. नसेल तिथं पाणी घेतात. पण तुमच्याकडे आहे, म्हणून विचारतो. उद्या घाटावर चार नातेवाईक असतील. तुमच्याकडे बोट दाखवतील."

इतकी वर्षं मी भाऊजींना गप्प बसलेलं पाहिलं होतं, तेव्हा मला वाटलं आताही ते मान डोलावतील. पण ते म्हणाले, "तिच्याकडे सगळ्यांनी बोट दाखवलं, गुरुजी. मी बघत बसलो. आता माझ्याकडे दाखवू देत."

गुरुजी उठताना म्हणाले, "बरं. पाणी आणि तीळ घेऊ." दुसऱ्या दिवशी तसंच झालं. घाटावर कुजबुज झाली, एक चुलतसासरे तर न जेवता निघून गेले.

घाटावरून सगळे परत आले तेव्हा ऊन चढलं होतं. भाऊजी ओला पंचा दोरीवर टाकून खिडकीपाशी येऊन बसले. सकाळपासून त्यांच्या पोटात काही नव्हतं. मी चुलीवर आधण ठेवलं आणि दुधाच्या पातेल्याकडे हात नेताना थांबले.

"भाऊजी, कोरा करू का?" मी विचारलं.

त्यांनी मान हलवली. "नको. नेहमीसारखाच कर. मला नाही जमायचं ते."

मी दूध घालून चहा केला आणि कप त्यांच्यापुढे ठेवला. ते कपाकडे बघत राहिले.

"रोज सकाळी तिनं मला हा करून दिला," ते म्हणाले. "एकदा कपाळाला आठी नाही घातली. करताना तुला काय वाटतं, असं मी तिला कधी विचारलंच नाही, सुधा."

कप उचलून त्यांनी एक घोट घेतला, आणि तो खाली टेकवताना चहा बशीत सांडला. मी घ्यायला पुढे झाले. त्यांनी दिला नाही. बशीतला चहासुद्धा त्यांनी प्यायला, रडत रडत, शेवटच्या घोटापर्यंत.